सगळ्या डब्यांना एकच चावी

आयुष्यात सगळ्यात नीट केलेलं काम कोणतं, असं चष्मेवाल्यांना तीन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर त्यांनी छाती फुगवून सांगितलं असतं, मोटारसायकलची कुलपं. सगळ्यात वाईट काम कोणतं, असं आज विचारलं तरी उत्तर तेच येईल. फक्त छाती फुगणार नाही.

चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. तीस वर्षं तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून बसवल्यामुळे साठी उलटली तरी हात हलत नसे. बायको एका मोठ्या इस्पितळात औषधांच्या भांडारावर होती. तिला सगळे स्टोअरबाई म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्या भांडाराच्या चाव्या तिच्या कमरेला होत्या आणि रजेच्या दिवशीसुद्धा मोठे मोठे डॉक्टर घरी फोन करून विचारत, बाई, अमुक इंजेक्शन कुठल्या कपाटात आहे हो? बाई कढईतला हात न थांबवता सांगत, तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, मागच्या बाजूला. ते तिथेच असे.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी चाव्या टेबलावर ठेवल्या, सही केली आणि घरी आल्या. पुढचे पंधरा दिवस त्या घरात नुसत्या फिरत होत्या. चष्मेवाल्यांना ते बघवेना. त्याच सुमाराला त्यांच्या एका गिऱ्हाइकाने लांब पल्ल्याची मोटारसायकल विकायला काढली होती. चांगली जाडजूड, मागे ऐसपैस सीट, दोन्ही अंगांना एकेक डबा आणि पाठीमागे तिसरा. तरुणपणी राहून गेलेली हौस. त्यांनी ती घेतली आणि बाईंना म्हणाले, "चल, जग बघून येऊ."

"या वयात? हाडं मोडून घ्यायचीत का?" बाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून हेल्मेट आणायला गेल्या.

गाडीला सहा चाव्या होत्या. एक गाडीची. डावा डबा, उजवा डबा, मागचा डबा, टाकीवरची बॅग आणि चाकाला घालायची साखळी यांची प्रत्येकी एक. पहिल्याच प्रवासात चष्मेवाल्यांनी चार वेळा चुकीची चावी चुकीच्या कुलपात घातली आणि पाचव्यांदा ती वाकवली. बाईंनी हात पुढे केला. "आणा इकडे. तुम्ही फक्त गाडी चालवा."

तेव्हापासून गाडीची चावी त्यांच्याकडे आणि बाकीच्या पाच बाईंकडे. बाईंनी त्या जाड दोरीत ओवल्या आणि प्रत्येकीच्या डोक्याला टाके घालायचा दोरा गुंडाळला. डाव्या डब्याला एक गाठ, उजव्याला दोन, मागच्याला तीन. हातमोजे घालूनही बोटांना कळायचं. बाईंच्या डोक्यात सगळ्या डब्यांचं भांडार उभं राहिलं. कुठेही थांबलं की चष्मेवाले मान न वळवता म्हणत, "स्वेटर." मागून उत्तर येई, "उजवा, वरचा थर." गाडी चालू असतानाच बाई उतरून डबा उघडत, हवं ते हातात देत, डबा लावत आणि पुन्हा बसत. इंजिन बंद करायलाही लागत नसे. चार वर्षं ते असे फिरले. डोंगर बघितले, समुद्र बघितला, एका धरणाच्या भिंतीवर भांडले आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मिटवलंही. चष्मेवाल्यांना आता वाटतं, की तेच आपलं खरं लग्न. आधीची तीस वर्षं नुसता सराव होता.

मग ती भानगड झाली. एका पेट्रोलपंपावर बाई प्रसाधनगृहात गेल्या आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. पाच चाव्या बाईंच्या गळ्यात, रेनकोट डाव्या डब्यात आणि चष्मेवाले उघड्यावर. आत लांबच लांब रांग. बाई बाहेर आल्या तेव्हा चष्मेवाल्यांच्या बुटातून पाणी वाहत होतं. तिथे आणखी चारपाच मोटारसायकलवाले आडोशाला उभे होते. चष्मेवाले त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, माझ्याच गाडीतला माझाच रेनकोट. पण वरून मंजुरी यायला हवी. तिहेरी प्रतीत अर्ज करावा लागतो!"

सगळे हसले. बाईही हसल्या. त्या हसल्या म्हणून चष्मेवाल्यांना वाटलं, विनोद चांगला झाला. असला विनोद पुन्हा सुचू नये, असं आज त्यांना वाटतं, पण तेव्हा काय, लोक हसतायत म्हटल्यावर त्यांनी तो आणखी दोनदा केला.

घरी आल्यावर त्यांनी मनात घेतलं, की हा चाव्यांचा जाच संपवायचा. डबे गाडीच्याच कंपनीचे होते, त्यामुळे सगळ्या चाव्यांची पाती एकाच आकाराची होती. फरक होता तो फक्त कुलपाच्या आतल्या पितळी पत्त्यांचा. चावीचे दाते त्या पत्त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हा कुलूप फिरतं. म्हणजे पत्त्या बदलल्या, की कोणतंही कुलूप गाडीच्याच चावीने उघडायला हवं. दुपारी दुकान बंद ठेवून तीन आठवडे ते भिंग डोळ्याला लावून बसले. पत्ती काढायची, चावी घालून बघायची, जरा वर राहिली तर कानशीने घासायची, केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने परत बसवायची. दोनदा स्प्रिंग उडाली आणि ते दुकानभर रांगले. पण जमलं. तिन्ही डबे आणि टाकीवरची बॅग, सगळं एका चावीवर आलं. साखळीचं कुलूप वेगळ्या जातीचं होतं, तिथे त्यांनी आकडे जुळवायचं कुलूप आणून लावलं.

पुढच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बाईंना खाली नेलं आणि जादूगारासारखी एकच चावी सगळीकडे फिरवून दाखवली. खट, खट, खट.

"आता तुला काही बघायलाच नको," ते म्हणाले. "आरामात बसायचं आणि फिरायचं. दे त्या चाव्या."

बाईंनी गळ्यातली दोरी काढून त्यांच्या हातात दिली. "छान झालं," त्या म्हणाल्या.

चौतीस वर्षांच्या संसारात बाईंनी "छान झालं" कधी कधी म्हटलं होतं, याची यादी चष्मेवाल्यांनी त्याच क्षणी आठवली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं. नणंदेने न विचारता स्वयंपाकघर लावून ठेवलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, छान झालं. बदलीचा कागद हातात पडला, तेव्हाही तेच. पण चष्मेवाले तीन आठवड्यांच्या कौतुकाची वाट बघत होते आणि त्यांना ते मिळालं. जुन्या पाच चाव्या त्यांनी दुसऱ्याच दिवशी भंगारात टाकल्या.

त्या प्रवासात चष्मेवाल्यांनी बाईंना काडीला हात लावू दिला नाही. थांबलं की इंजिन बंद करायचं, चावी काढायची, डबा उघडायचा, पाणी द्यायचं, स्वेटर द्यायचा, डबा लावायचा. "तू बस गं." बाई मैलाच्या दगडावर बसत आणि रस्त्याकडे बघत. सहा दिवसांत त्या मोजून पंधरावीस वाक्यं बोलल्या असतील. परत आल्यावर त्यांचे गुडघे दुखायला लागले. गच्चीवर कपडे वाळत घालायला तीन जिने चढताना ते दुखत नसत. मोटारसायकलचं नाव काढलं की दुखत.

चष्मेवाले अगदीच मठ्ठ नव्हते. वर्षभरात, दुसऱ्यांदा एकटं जाताना, त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एका वळणावर त्यांनी सवयीने "गॉगल" म्हटलं आणि मागून काही आलं नाही. तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी लावून ते बराच वेळ उभे राहिले. बाईच्या हातातून आपण चाव्यांबरोबर तिचं मागचं सीटही काढून घेतलं, हे त्यांना तिथे लख्ख कळलं. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. घरी येऊन त्यांनी विचारलं काय, तर "पुढच्या महिन्यात निघतोय. तू काही यायची नाहीस ना?" यावर कुठली बायको येते म्हणेल?

यंदाही ते एकटेच निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आडगावच्या बसथांब्यापाशी थांबले. तिकिटांची एक खिडकी, एक चहाचं दुकान आणि एक पंक्चरवाला, एवढाच पसारा. नकाशा वाचायला जवळचा चष्मा हवा होता. त्यांनी गाडीची चावी काढली, मागचा डबा उघडला, चावी आतल्या जाकिटावर ठेवून दोन्ही हातांनी चष्म्याची डबी शोधली, चष्मा नाकावर चढवला आणि झाकण दाबलं. खट.

मागचा डबा नुसता दाबला तरी लागतो. चावी आत, गाडीची तीच, बाकीच्या डब्यांची तीच. दुसरी चावी घरी, दारामागच्या खिळ्याला.

पंक्चरवाला लोखंडी पहार घेऊन आला. "उचकटू का?"

"नको. कुलूप मी स्वतः बसवलंय. ते तुटायचं नाही, डबा तुटेल," चष्मेवाले म्हणाले. त्यातही जरा अभिमान होताच. मग त्यांनी घरी फोन लावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साडेआठच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेस का पाठवून?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"चावी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही," बाई म्हणाल्या. "मीच येते."

पाच तासांचा रस्ता. फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांना जे वाटलं, त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली, कारण त्यांना आनंद झाला होता. डबा बंद झाला हे बरंच झालं. बाई येणार, इथे येणार, गाडीपाशी. आज बोलायचं. चुकलं म्हणायचं, चल म्हणायचं. हवं तर पुन्हा सहा कुलपं लावतो म्हणायचं.

चहाच्या दुकानाच्या बाकड्यावर बसून त्यांनी पंक्चरवाल्याला सगळी हकिगत सांगितली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत ऐकत होता.

"मग सोपं आहे की," तो म्हणाला. "सरळ म्हणा, माझं चुकलं, बस मागे."

"सोपं आहे," चष्मेवाले म्हणाले. "पण नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणेल. आत्ता तरी कुठे हो म्हणतायत?"

बोलणं बिनतोड होतं. दीड वाजेपर्यंत वेळ होता आणि रिकामं बसणं चष्मेवाल्यांच्या स्वभावात नव्हतं. काहीतरी करावं म्हणून ते तिकिटाच्या खिडकीशी गेले. परतीची बस किती वाजता, त्यांनी चौकशी केली. दोनला. त्या बसला गर्दी असते, खिडकीतला म्हणाला. बाईंना पाच तास उभं राहून जावं लागलं तर? गुडघे खरंच दुखत असतील तर? चष्मेवाल्यांनी त्याच्या विनवण्या करून पुढची, खिडकीजवळची एक जागा राखून ठेवायला लावली. यायचं नसलं तर निदान नीट बसून तरी जाईल. मनाशी त्यांनी हे असं मांडलं आणि आपण मोठं काळजीचं काम केलं, म्हणून त्यांना बरंही वाटलं.

बस आली. बाई उतरल्या. एका हातात मोठी, गच्च भरलेली पिशवी, दुसऱ्या हाताच्या मुठीत चावी. त्या सरळ गाडीपाशी आल्या. पिशवी खाली ठेवली, मागच्या डब्याकडे वळल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"आण, आण, मी उघडतो," चष्मेवाले म्हणाले. आसपास लोक बघत होते. सकाळपासून या फजितीची गोष्ट त्या थांब्यावर सगळ्यांना ठाऊक झाली होती आणि ती एकदाची संपवायची त्यांना घाई झाली होती. त्यांनी बाईंच्या बोटांमधून चावी घेतली, डबा उघडला आणि आतली चावी उचलून उंच धरली. "ही बघ! इथेच होती!"

चहावाला हसला. बाईही हसल्या.

"पाणी पितेस?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "बस जरा. एवढी पिशवी कशाला आणलीस?"

"असंच," बाई म्हणाल्या. त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर तळहात ठेवला. तिथे धूळ होती, ती पुसली.

चष्मेवाल्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. "माझं चुकलं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. एकटक बघितलं. "काय चुकलं?"

पंक्चरवाला ट्यूब हातात तशीच धरून थांबला होता. चष्मेवाल्यांच्या जिभेवर तीन वर्षं होती.

"चावी आत ठेवली ते," ते म्हणाले. "उगाच तुला हेलपाटा." आणि मग, ते शांत बघणं सहन होईना म्हणून, घाईघाईने, "पण काळजी करू नको. दोनची बस आहे परतीची. मी तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. खिडकीपाशी, पुढची. गुडघ्यांना त्रास नको."

बाईंनी वाकून पिशवी उचलली.

"छान झालं," त्या म्हणाल्या.

दोनची बस वेळेवर आली. जागाही मिळाली. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. चष्मेवाल्यांनी हात हलवला. बस गेल्यावर पंक्चरवाल्याने पहार उचलून आत नेऊन ठेवली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला चष्मेवाले पुढच्या मुक्कामाच्या लॉजवर खोली उघडत होते, तेव्हा मुलीचा फोन आला. ती त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहते.

"बाबा, आईला द्या ना फोन. तिचा लागत नाहीये. कुंड्यांना रोज पाणी घालायचं की एक दिवसाआड, ते सांगितलंच नाही तिने."

"आई बसमध्ये आहे," चष्मेवाले म्हणाले.

"बसमध्ये? आणि तुम्ही?"

"मी लॉजवर. ती चावी देऊन लगेच परत निघाली."

फोनमध्ये काही वेळ नुसता आवाज येत राहिला, तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. मग तो बंद झाला.

"बाबा, सकाळी स्कूटरवरून मीच तिला स्टँडवर सोडलं. आठ दिवसांचे कपडे भरून दिले. हेल्मेट माळ्यावर होतं, ते काढून पुसून दिलं. तीन वर्षांनी एवढी गडबड करत होती ती. म्हणाली, त्यांनी बोलावलंय. मग परत का निघाली? तुम्ही काय बोललात तिला?"

"काही नाही," चष्मेवाले म्हणाले. तेच तर खरं होतं. पिशवीत काय आहे, हे त्यांनी धड विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं ते असं, की उत्तर "असंच" यावं.

त्यांनी लगेच बाईंना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. खोलीतल्या खुर्चीवर हातात फोन घेऊन ते दीड तास बसून होते आणि त्या दीड तासात त्यांनी स्वतःला जितकं फाडून खाल्लं, तितकं बाईंनी सदतीस वर्षांत कधी खाल्लं नसेल. ती आली होती. पाच तास बसून, हेल्मेट घेऊन ती आली होती, आणि आपण तिची परतीची जागा धरून ठेवली होती.

साडेसातला बाईंनी फोन उचलला. मागे घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"पोहोचलीस?"

"हो, मघाशीच. जागा चांगली होती."

"पिशवीत हेल्मेट होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलायचं? तुम्ही माझी जाण्याची व्यवस्था करून ठेवली होतीत," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं. "मला वाटलं, तुम्हाला एकट्यानेच जायला आवडतं आता."

"नाही गं. नाही. दिवसभर मी तेच… मी त्या पंक्चरवाल्याला सगळं सांगितलं होतं. तुला मागे बसवणार होतो. चाव्या तुला परत देणार होतो. ऐक, मी पहाटे निघतो. दुपारपर्यंत घरी येतो आणि तुला घेऊन जातो. पिशवी सोडू नकोस."

"पिशवी सोडली मी," बाई म्हणाल्या. "कपडे कपाटात लावले. हेल्मेट माळ्यावर टाकलं. आता कुठे पुन्हा?"

"मी काढतो ना माळ्यावरून."

"हो, तुम्ही काढाल," बाई म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"सकाळी तुमचा फोन आला ना," बाई शेवटी म्हणाल्या, "तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. फार दिवसांनी. ते आता राहू द्या. तुम्ही ठरवलंय तसं फिरून या. दुसरी चावीपण तुमच्याकडेच राहिलीय, दोन्ही एका खिशात ठेवू नका."

"ऐकून तर घे."

"कुंड्यांना पाणी घालायचंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.